महिन्यातला एक रविवार आणि वरच्या मजल्याची किल्ली

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,
सिंधुदुर्ग व रत्नागिरी जिल्ह्यांतील सार्वजनिक ग्रंथालये

विषय : वेबसाइट बनवणाऱ्या व डिझाइन करणाऱ्या मंडळींच्या मोफत बैठकीसाठी सभागृह मिळण्याबाबत

सन्माननीय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

विषयाची ओळ अर्जासारखी वाटेल, कारण हे पत्र आधी अर्जच होतं. गेल्या पावसाळ्यात मी तो एका ग्रंथालयात घेऊन गेलो होतो. कार्यवाहांनी चष्मा कपाळावर चढवून तो वाचला, माझ्यासाठी चहा मागवला आणि विचारलं, "संस्था नोंदणीकृत आहे का?" नाही म्हटलं. "अध्यक्ष कोण?" कुणीच नाही. "मग सही कुणाची धरायची?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. दप्तराला कागद लावायचा तर खाली नाव आणि शिक्का लागतोच. आमच्याकडे दोन्ही नाही, म्हणून आता तुम्हा सगळ्यांनाच उघड लिहितोय.

मागणं एवढंच आहे. महिन्यातला एक रविवार, दुपारी तीन ते साडेपाच, तुमचं वरच्या मजल्यावरचं सभागृह भाडं न घेता वापरू द्यावं. दहा-पंधरा खुर्च्या, एक चालू प्लग पॉइंट आणि एक मोकळी भिंत. साडेपाच यासाठी की त्यानंतर देवगडकडची पोरं एसटी चुकवून अडकतात.

आम्ही म्हणजे कोण, तेही सांगतो. कुडाळ, कणकवली, मालवण, देवगड या पट्ट्यात वेबसाइटी बनवणारी नऊ-दहा माणसं. एकाने लॉकडाऊनमध्ये पुण्याची नोकरी लॅपटॉपसकट गावी आणली आणि तो परत गेलाच नाही. एक वहिनी आहेत. लग्नाआधी ठाण्यात कोडिंग करायच्या, आता मुलं शाळेत गेली की दोन-तीन तास बाहेरची कामं घेतात. दोन पॉलिटेक्निकची मुलं आहेत. आणि बाजारपेठेतल्या फ्लेक्सच्या दुकानात बसणारा एक दादा आहे. वाढदिवसाचे फलक, दशावताराच्या जाहिराती, लग्नपत्रिका हे त्याचं रोजचं काम. कुठलं अक्षर जाड हवं, कुठे ओळ मोडावी, याची त्याच्याइतकी जाण आमच्यात कुणाला नाही. पण कुणी त्याला डिझायनर म्हटलं की तो लाजून मान खाली घालतो. त्याला कॉलेजच्या कार्यशाळेत कोण बोलावणार? तो तिथे जाणारही नाही. ग्रंथालयात मात्र तो रोज संध्याकाळी पेपर वाचायला येतो. तुमच्याकडे यायला कुणाला संकोच वाटत नाही, आणि पत्र तुम्हाला लिहिण्याचं पहिलं कारण हेच आहे.

आम्ही आत्तापर्यंत चार वेळा भेटलो. तीनदा माझ्या मामाच्या मांगरात, म्हणजे शेतातल्या खोपटात, नारळाच्या सोडणांच्या राशीला टेकून, आणि एकदा हायवेवरच्या हॉटेलात. हॉटेलवाल्याने तिसऱ्या चहानंतर "अजून काय आणू?" असं ज्या सुरात विचारलं, त्यावरून आम्ही उठलो. मांगराला मी नावं ठेवत नाही. ५ मार्च १९७५ ला कॅलिफोर्नियात गॉर्डन फ्रेंच नावाच्या माणसाच्या गॅरेजमध्ये काही हौशी लोक असेच जमले होते. आपापली यंत्रं उघडून एकमेकांना दाखवायची, एवढाच त्यांचा कार्यक्रम. त्या मंडळात स्टीव्ह वॉझनियॅक यायचा आणि पुढे अ‍ॅपलचा पहिला संगणक त्याने त्याच मंडळींपुढे मांडला. आमच्यातून अ‍ॅपल निघेल असा दावा नाही. पण त्यांच्या गॅरेजवर मृगाचा पाऊस पडत नव्हता. मामाच्या मांगरावर पडतो, आणि जूनपासून तिथे लाकडं भरलेली असतात.

आता तुम्ही विचाराल, सगळं मोबाइलवर फुकट शिकायला मिळत असताना एकत्र बसायचं कशाला? मलाही तसंच वाटायचं. मग दोन वर्षांपूर्वीचा एप्रिल आला.

देवगडकडच्या एका बागायतदारांसाठी मी हापूसच्या पेटीची आगाऊ नोंदणी घेणारं पान केलं होतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आता दलालाला मधून काढून थेट गिऱ्हाइकाला विकू, असं त्यांच्या मनात होतं. पान देखणं झालं होतं. नाव, पत्ता, फोन, किती डझन, आणि खाली बटण. पहिल्या दिवशी तीन नोंदी आल्या. मग चार दिवस काहीच नाही. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला, "मेल्या, आंबो काय तुझ्या कम्प्युटरसाठी झाडार रवतलो?" मी लॅपटॉपवर दहा वेळा फॉर्म भरून बघितला. दहाही वेळा गेला. सगळं ठीक आहे, लोकच घेत नाहीत, असं मी त्यांना सांगितलं. ते वाक्य आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

त्या रविवारी मांगरात फ्लेक्सवाल्या दादाने मेहुणीसाठी पेटी नोंदवायला म्हणून स्वतःचा फोन काढला. त्याच्या फोनवर कीबोर्ड मराठी. डझनच्या चौकटीत त्याने टाइप केलं '५', आपला देवनागरी पाच. बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. "तुझा बटण मेलेला हा," तो म्हणाला.

बटण जिवंत होतं. मी मागे जो कोड लिहिला होता तो फक्त इंग्रजी आकडे ओळखत होता. देवनागरी पाच म्हणजे त्याच्या लेखी आकडाच नव्हे, त्यामुळे तो फॉर्म अडवत होता. 'कृपया योग्य संख्या भरा' ही ओळ येत होती, पण बटणाच्या खाली, उघड्या कीबोर्डच्या मागे, कुणालाच न दिसेल अशी. चार दिवसांत किती जणांनी असं बटण दाबून नाद सोडला, ते मोजायची सोयही मी केलेली नव्हती. दुरुस्ती एका ओळीची निघाली. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या यादीत, देवनागरीचे शून्य ते नऊ हे आकडे ओळीने एकापुढे एक बसवलेले आहेत, म्हणून प्रत्येकातून ठरावीक अंतर वजा केलं की इंग्रजी आकडा हातात येतो. ओळ सोपी. ती लागते हे कळायला मात्र शेजारी मराठीत टाइप करणारा माणूस बसलेला लागतो. मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत हे नव्हतं, आणि असणार तरी कसं? शिकवणाऱ्याच्या फोनवर मराठी कीबोर्ड नसतो.

पुढच्या भेटीत वहिनींनी याच्यावर कडी केली. नावाच्या चौकटीत फक्त अक्षरं चालावीत, आकडे नकोत, यासाठी एक नियम लिहितात. जुने नियम ए टू झेडच्या पलीकडे काही मानत नाहीत, ते सोडाच. नवा, जगातल्या सगळ्या लिप्यांची अक्षरं चालवून घेणारा नियमही आहे. तो त्यांनी भिंतीवर लावून दाखवला आणि आम्हाला नावं सांगायला लावली. मदन चाललं. भरत चाललं. कमल चाललं. राम अडला. सीता अडली. गणेश दुसऱ्या अक्षराच्या मात्रेपाशी अडखळला. कारण युनिकोडच्या हिशेबात काना, मात्रा, वेलांटी ही अक्षरं नव्हेत, ती अक्षराला जोडायची चिन्हं आहेत, आणि नियमात त्यांना वेगळी परवानगी द्यावी लागते. गणपतीच्या गावात गणेशाला आत यायला परवानगी लागते म्हटल्यावर सगळे पोट धरून हसले. हसता हसता तिघांनी गुपचूप आपापल्या जुन्या कामांच्या फायली उघडल्या. मीही उघडली.

२७ फेब्रुवारीला तुम्ही सगळे मराठी भाषा गौरव दिन करता. ग्रंथदिंडी, व्याख्यान, फलकलेखन. मी त्यात लहानपणी बक्षीस घेतलंय, त्यामुळे टिंगल करत नाही. पण मराठी आता वहीपेक्षा पडद्यावर जास्त लिहिली जाते आणि त्या पडद्यावर तिचे काय हाल होतात, हे बघायला वर्षातली एक ग्रंथदिंडी पुरत नाही. साधं 'ल' आणि 'श' घ्या. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठीची प्रमाण वर्णमाला ठरवली, त्यात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मराठीचे म्हणून सांगितले. तुमच्या दारावरच्या जुन्या रंगवलेल्या पाटीवर बघा, तेच असतील. वेबसाइटवर मात्र बहुतेक वेळा हिंदी वळणाचे दिसतात. बऱ्याच चांगल्या फॉन्टांत मराठी वळण आत दडलेलं असतं. पानाच्या अगदी वर, भाषेच्या जागी 'हिंदी' किंवा 'इंग्रजी' असं न टाकता 'मराठी' टाकलं, की फॉन्ट आपणहून ते बाहेर काढतो. दादाला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ भिंतीकडे बघत राहिला. म्हणाला, "इतकी वर्षं मी हे अक्षर हातान बदलतंय." तो काय म्हणतोय ते आमच्यातल्या एकाही कोडवाल्याला कळलं नाही. मग त्याने कागदावर काढून दाखवलं, आणि पुढचा तासभर शिक्षक तो होता.

अशा भेटी पुण्या-मुंबईत सर्रास होतात. वर्डप्रेस, म्हणजे २००३ पासून फुकट मिळणारं वेबसाइट चालवायचं साधन, त्याच्या वापरकर्त्यांचे गट आहेत, डिझाइनवाल्यांचे आहेत. बहुतेक ठिकाणी प्रवेश मोफत. मीही एकदा गेलो. संध्याकाळची कोकणकन्या पकडून सकाळी मुंबईत उतरलो, दुपारपर्यंत आतेभावाकडे लोळलो, दोन तास कार्यक्रमाला बसलो आणि रात्रीच्या गाडीला परत. फुकटच्या दोन तासांसाठी दोन रात्री प्रवास, तिकीट, वर आतेभावाच्या घरी नारळ-सोलं न्यायला हवीत ते वेगळं. तिथे एका मुलीने वाचनीयतेवर छान सांगितलं: अक्षराचा रंग आणि मागचा रंग यांच्यातला फरक साध्या मजकुरासाठी किमान साडेचारास एक असावा, असा जागतिक संकेत आहे. तिने दाखवलेली उदाहरणं वातानुकूलित ऑफिसातली होती. मला आठवला मालवणचा धक्का. दुपारी बाराच्या उन्हात, खारट हाताने, फोन डोळ्यांपाशी धरून हवामानाचा इशारा वाचणारा तांडेल. फिकट राखाडी रंगाची अक्षरं त्याला काय दिसणार? हा विषय मालवणात शिकवला तर उदाहरणासाठी दोन मिनिटं चालत जावं लागेल.

एक तक्रारही सांगून टाकतो, कारण ती आमच्याइतकीच तुमच्या सभासदांची आहे. किनाऱ्यावर घरगुती निवास चालवणाऱ्या एका ताईंनी शहरातल्या एका कंपनीकडून वेबसाइट करून घेतली. पैसे रोख दिले, पावती आली, साइट आली. साइटचा पत्ता त्यांनी रिक्षांच्या मागे रंगवला, मसाल्याच्या पिशव्यांवर छापला. वर्षाने साइट बंद. कंपनीचा फोन लागेना. चौकशी केली तेव्हा कळलं, तो पत्ता नोंदला होता कंपनीने स्वतःच्याच नावावर. मुदत संपली, पैसे कुणी भरले नाहीत, पत्ता सुटला आणि भलत्यानेच उचलला. ताई कुणाला काही म्हणाल्या नाहीत, पण पिशव्यांवरचा पत्ता मार्करने खोडत बसल्या होत्या, तो ढीग मी पाहिलाय. आपल्याकडे माणूस चार गुंठ्यांसाठी सातबाऱ्यावरची नावं तीनदा वाचतो, सामाईकात कोण, कूळ कोण ते विचारतो. वेबसाइटच्या पत्त्यालाही सातबारा असतो, तो कुणाच्या नावावर आहे हे विचारायचं असतं, आणि दर वर्षी त्याचा सारा भरायचा असतो, एवढं त्यांना कुणी सांगितलं असतं तर बस होतं. आमच्या बैठकीला अशा ताईही आल्या पाहिजेत. कोड शिकायला नव्हे; काय विचारायचं ते शिकायला.

पैशांबद्दल. आम्ही कुणाकडून शुल्क घेणार नाही, सभासद करणार नाही, तुमच्या सभागृहात कुणाला काही विकू देणार नाही. चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे. "फुकटच्या गोष्टीला लोक किंमत देत नाहीत," असं मला त्या कार्यवाहांनीच सांगितलं होतं. पण हे सगळं उभंच आहे ते एका मोफत गोष्टीवर. टिम बर्नर्स-लीने १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली तेव्हा तो सर्न या युरोपातल्या प्रयोगशाळेत होता, आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्नने जाहीर केलं की वेबचं तंत्र कुणीही वापरावं, एक पैसा नको. तेव्हा त्यांनी दर लावला असता, तर देवगडच्या बागायतदाराला पेटी विकायला आज कुणाचा परवाना काढावा लागला असता कुणास ठाऊक. आणि मोफत कसं चालतं हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे कोळ्याला पोहायला शिकवण्यासारखं आहे. रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय निघालं तेव्हा देशात पहिली प्रवासी रेल्वे धावायला २५ वर्षं होती. कोकण रेल्वे पूर्ण व्हायला तर १७०. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासून चालू आहे आणि २२ जुलै २०२१ चा पूर पचवूनही दार उघडं ठेवून आहे. त्या काळी ज्याला छापील कागद परवडत नव्हता त्याला तो तुमच्या पडवीत मिळाला. आता कागदाच्या जागी दुसरी गोष्ट आहे, इतकंच.

बोलायला माणसं कुठून आणणार, अशी शंका येईल. ती येतात, दर वर्षी, तीही सुट्टी घेऊन. गौरी-गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात गावोगावच्या घरांत मुंबई-पुण्यातल्या कंपन्यांत मुरलेले चाकरमानी जमतात. सकाळची आरती ते रात्रीची आरती यांच्या मधल्या दुपारी त्यांना पत्त्यांशिवाय दुसरा उद्योग नसतो. गेल्या शिमग्यात असाच एक जण मांगरात येऊन बसला. बँकेचं अ‍ॅप करणाऱ्या गटात तो काम करतो. नेटवर्क अर्धवट असताना अ‍ॅपने काय करावं, हे त्याने करंज्या खात खात सांगितलं, आणि मधेच लाईट गेली तेव्हा म्हणाला, "हे बघा, हे असं." दिवेलागणीपर्यंत कुणी हललं नाही.

आता काय नको, तेही स्पष्ट लिहितो. उद्घाटन नको. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक नको. अडीच तासांतला तास त्यातच जाईल. बॅनर नको, नाहीतर तो दादालाच करावा लागेल आणि तो पैसे घेणार नाही. तुमच्यापैकी कुणी मागे खुर्ची टाकून ऐकत बसलं तर मात्र फार बरं वाटेल, आणि एखाद्या शब्दाला चांगला मराठी प्रतिशब्द सुचला तर मधेच थांबवा.

बदल्यात ग्रंथालयाची वेबसाइट फुकट करून देऊ, असं आश्वासन मी देणार नाही. ते मोहात पाडणारं आहे, पण अशा साइटी मी पाहिल्यात. पहिल्या वर्षी हौस, दुसऱ्या वर्षी कार्यक्रमांच्या पानावर मागच्याच वर्षीची कोजागरी, तिसऱ्या वर्षी पासवर्ड कुणाला आठवत नाही. त्यापेक्षा तुमच्या ग्रंथपाल बाई आमच्यात येऊन बसल्या आणि हळूहळू त्यांनीच पुस्तकांची यादी शोधता येईल असं एक साधं पान उभं केलं, तर आम्ही शेजारी बसू. पत्ता ग्रंथालयाच्या नावावर, पासवर्ड दप्तरात. त्याला सहा महिने लागतील. लागू देत.

सुरुवात एका ग्रंथालयाने केली तरी चालेल. तीन रविवार बघा, गैरसोय झाली तर चौथ्याला नको म्हणा, आम्ही रुसणार नाही. खुर्च्या होत्या तशा लावून, कचरा आमचा आम्ही नेऊन, पंखे बंद करून जाऊ. सहीचा प्रश्न उरतोच, म्हणून हजेरीची वही ठेवतो. जो येईल तो सही करेल, त्यातली कुठलीही धरा.

किल्ली रविवारी शिपायांकडे असते की ग्रंथपालांकडे, तेवढं कळवावं.

आपला,
कुडाळ तालुक्यातला एक आजीव सभासद

ता. क. : मोकळी भिंत म्हटलं खरं, पण बहुतेक ठिकाणी त्या भिंतीवर माजी अध्यक्षांच्या तसबिरी आहेत हे मला माहीत आहे. त्या हलवायची गरज नाही. मामाचं पांढरं धोतर आहे, मांगरात तेच लावत होतो, दोन खिळ्यांत मावतं.